दाराशी येणारी माणसं

न्यू जर्सीतलं रोझेल हे लहानसं गाव. १८८३ साली, १९ जानेवारीला, तिथे विजेचे दिवे लागले. एडिसनच्या माणसांनी खांब रोवून तारा डोक्यावरून नेल्या होत्या. स्टेशन, एक दुकान, काही घरं आणि रस्ते उजळले. खांबांवरून वीज आणून उजळलेलं ते पहिलं गाव. पाच महिन्यांनी, जूनमध्ये, आनंदीबाई जोशी बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या आणि याच गावात कार्पेंटर कुटुंबाकडे राहायला आल्या.

बाकीच्या अमेरिकेत तेव्हा बहुतेक ठिकाणी रॉकेलचे आणि गॅसचे दिवे होते. रॉकेलच्या दिव्याचं रोजचं काम असे. काच पुसायची, वात कातरायची, तेल भरायचं. काचेत हात जाई तो मुलांचाच, म्हणून काच पुसणं मुलांकडे. रात्री चांगला दिवा एकच लागे, जेवणाच्या टेबलावर. उजेड त्या टेबलापुरता. शिवण, हिशेब, शाळेचा अभ्यास, वर्तमानपत्र, सगळं त्याच टेबलावर चाले. वीज आली तसा प्रत्येक खोलीत बल्ब आला. माणसं टेबलावरून उठून आपापल्या खोलीत गेली.

शेतावरच्या घरांत हे व्हायला अर्धं शतक लागलं. १९३०च्या दशकाच्या मध्याला दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाचं सरकारी खातं निघालं. तिथल्या बायकांनी त्याआधीची वर्षं विहिरीचं पाणी ओढण्यात, चुलीवर इस्त्री तापवण्यात आणि हाताने कपडे पिळण्यात घालवली होती. ते कष्ट गेले. त्यांच्याबद्दल कोणी हळहळलं नाही, आणि ते योग्यच होतं.

बर्फवाला थेट स्वयंपाकघरात येई.

त्याला हाक मारावी लागत नसे. घराच्या खिडकीत एक चौकोनी पुठ्ठा लावलेला असे. पुठ्ठ्याच्या चार कडांवर चार आकडे छापलेले: २५, ५०, ७५, १००. जितके पौंड बर्फ हवा तो आकडा वर येईल असा पुठ्ठा फिरवून ठेवायचा. बर्फवाला गाडीवरूनच तो वाची. मोठ्या लादीवर टोच्याने रेघ पाडून तेवढा तुकडा तोडी. खांद्यावर चामड्याचा जाड तुकडा, त्यावर बर्फ, हातात लोखंडी चिमटा. मागच्या दाराने आत यायचं, अन्न गार ठेवायच्या लाकडी पेटीचा वरचा कप्पा उघडायचा, जुना उरलेला तुकडा बाजूला सारायचा, नवा ठेवायचा, झाकण लावायचं. जमिनीवर त्याच्या बुटांचे ओले ठसे राहत. उन्हाळ्यात गल्लीतली पोरं गाडीमागे उभी राहत. तोडताना उडालेले कपचे त्यांचे.

पेटीखाली एक परात असे. बर्फ वितळून पाणी त्यात साचे. निजण्याआधी ती ओतायची. ओतायची राहिली तर सकाळी स्वयंपाकघरात पाणी.

हा धंदा मोठा होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, जहाजांनी दूरदेशी विकला. १८३३ साली त्याचा बर्फ कलकत्त्याला पोचला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही आला. मद्रासला समुद्रकिनाऱ्यावर त्यासाठी बांधलेली इमारत अजून उभी आहे. विवेकानंद तिथे काही दिवस राहिले होते, आता ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

१९२७ साली जनरल इलेक्ट्रिकचा फ्रिज बाजारात आला. यंत्राचा गोल डबा त्याच्या डोक्यावर बसवलेला होता. वीस-पंचवीस वर्षांत पेट्या अडगळीत गेल्या. खिडकीतला पुठ्ठा गेला, परात गेली. म्हातारी माणसं पुढेही बरीच वर्षं फ्रिजला आईसबॉक्सच म्हणत राहिली.

दूधवाला पहाटे येई. घरातलं कोणी उठलेलं नसे. काही घरांच्या भिंतीत त्याच्यासाठी एक कोनाडा केलेला असे. कोनाड्याला दोन दारं, एक बाहेरून आणि एक आतून. बाहेरच्या दाराने दूधवाला भरलेल्या बाटल्या ठेवी आणि रिकाम्या उचली. आतल्या दाराने घरची बाई बाटल्या घेई. दूध कमी-जास्त हवं असेल तर रिकाम्या बाटलीत गुंडाळी करून चिठ्ठी. लोणी जास्त, शनिवारी नको, पाहुणे आहेत. कडक थंडीत दूध गोठून फुगे. वरची साय टोपणाला उचलून धरी आणि बाटलीच्या गळ्यावर बोटभर उभी राही.

१९६३ साली अमेरिकेतलं तीस टक्के दूध घरपोच जात होतं. १९७५ साली सात टक्के. २००५ साली अर्ध्या टक्क्याहून कमी. फ्रिज होता, मोटार होती, सुपरमार्केट होतं, कागदी खोकं होतं. भिंतीतले कोनाडे बहुतेकांनी बुजवले. काही ठिकाणी बाहेरचं दार अजून आहे. भिंतीला दिलेला रंग त्यालाही दिलेला असतो.

१९०९ साली अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. पुढे त्यांची संख्या घसरत गेली. त्या काळी गाणं विकलं जाई ते छापील कागदावर. न्यूयॉर्कच्या अठ्ठावीसाव्या रस्त्यावर प्रकाशकांच्या कचेऱ्यांची रांग होती. प्रत्येक खोलीत एक पियानो आणि उघड्या खिडक्या. मोठ्या दुकानांत गाण्यांच्या कागदांचा वेगळा विभाग असे. तिथे पगारी वादक बसे. गिऱ्हाईक कागद पुढे करी, तो ते गाणं वाजवून दाखवी. पसंत पडलं तर कागद घरी. घरी कुणीतरी एकजण बसून ते बसवी. चुकत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून. चार दिवसांत ते शेजारच्या घरातही पाठ होई.

बँडचा संचालक जॉन फिलिप सूसा १९०६ साली काँग्रेसच्या समितीपुढे उभा राहिला. त्याच्या लहानपणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरोघरी पुढच्या दाराशी तरुण मुलं-मुली गात बसत, आता रात्रंदिवस गाणी वाजवणारी यंत्रं ऐकू येतात, असं त्याने सांगितलं. त्या वर्षी रेडिओ अजून यायचा होता.

पियानो पुष्कळ घरांत राहिला. त्याच्यावर फोटो मांडले गेले. झाकण बंद असेल तर फोटो जास्त मावतात.

मूकपटांच्या थिएटरात वादक असत. लहान गावात एक पियानोवाली, शहरात पूर्ण वाद्यवृंद, मधल्या गावात ऑर्गन. पडद्यावर घोडे दौडू लागले की ऑर्गनवाला खाली लय वाढवी. तेच चित्र दोन गावांत वेगळं ऐकू येई. ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ लागला. तीन-चार वर्षांत हजारो वादक घरी बसले. त्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, डब्यातल्या संगीताला विरोध करा म्हणून. लोकांनी त्या वाचल्या आणि बोलपट पाहायला गेले.

त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला रॉक्सी थिएटर उघडलं होतं. जवळजवळ सहा हजार खुर्च्या. १९६० साली ते पाडलं. तिथे पहिल्या दिवशी ग्लोरिया स्वॉन्सनचा चित्रपट लागला होता. पाडकाम सुरू असताना ती त्या विटा-मातीच्या ढिगात येऊन उभी राहिली. अंगावर संध्याकाळचा पोशाख, दोन्ही हात वर. तो फोटो ‘लाइफ’ मासिकात आला.

मंदीच्या वर्षांत थिएटरवाले तिकिटावर ताटल्या वाटत. या आठवड्यात बशी, पुढच्या आठवड्यात कप. नेमाने जाणाऱ्या बाईचा सहा माणसांचा संच वर्षभरात पुरा होई. अंधारात एखादी बशी मांडीवरून सटके आणि फुटे. सगळं थिएटर हसे.

१९४६ साली अमेरिकेत दर आठवड्याला सुमारे नऊ कोटी तिकिटं विकली जात. देशाची लोकसंख्या चौदा कोटी होती. मुख्य चित्रपटाआधी वार्तापट, कार्टून, पुढच्या भागाची उत्सुकता लावणारी मालिका. वार्तापट १९६७ साली संपले. रीळ बदलायची वेळ आली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमके, काही सेकंदांनी दुसरा. तो यंत्र चालवणाऱ्यासाठी असे. पहिल्या ठिपक्याला तो माणूस दुसरं यंत्र सुरू करी, दुसऱ्या ठिपक्याला चित्र त्या यंत्रावर वळवी. २०१४च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी फिल्मच्या प्रती पाठवणं थांबवलं. ठिपका आता दिसत नाही.

दक्षिणेकडच्या थिएटरांना बाहेरून एक वेगळा जिना असे. काळ्या माणसांनी त्या जिन्याने वर जायचं आणि गॅलरीतच बसायचं. हे जिने कायद्याने बंद झाले. काही इमारतींवर ते अजून दिसतात. वर जाऊन विटांनी बुजवलेल्या भिंतीशी थांबतात.

२ नोव्हेंबर १९२०च्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल रेडिओवर सांगितले. दहा वर्षांत रेडिओ बैठकीच्या खोलीत आला. लाकडी, घुमटासारखा किंवा कपाटाएवढा. तो ऐकताना माणसं त्याच्याकडे बघत बसत. पाहण्यासारखं एवढंच असे की आकड्यांच्या काचेमागे एक पिवळा दिवा जळतो आहे.

रेडिओवर ‘एमॉस अँड अँडी’ ही विनोदी मालिका लागली की चित्रपट मध्येच थांबवून थिएटरात रेडिओ लावत. नाहीतर त्या वेळेला कोणी तिकीट काढत नसे. त्या मालिकेत दोन गोरे नट काळ्या माणसांची नक्कल करत. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्राने १९३१ साली त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या. कार्यक्रम चालूच राहिला. सगळा देश एका वेळी एकच गोष्ट ऐकत होता असं त्या दिवसांबद्दल सांगतात. त्या हसण्यात कोण नव्हतं, हेही त्याच वर्तमानपत्रात छापलेलं आहे.

३० सप्टेंबर १९६२ला, रविवारी संध्याकाळी, सीबीएस रेडिओवरच्या शेवटच्या दोन नाट्यमालिका संपल्या. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वाजवणारा, पावसासाठी चाळणीत वाटाणे फिरवणारा माणूस स्टुडिओत असे. त्याला काम उरलं नाही.

१९५० साली शंभरातल्या नऊ घरांत टीव्ही होता. १९६० साली सत्त्याऐंशी घरांत. खोलीतल्या खुर्च्या आधी एकमेकींकडे तोंड करून असत. त्या भिंतीकडे वळल्या.

१९५४ साली स्वॉन्सन कंपनीचं तयार जेवण दुकानांत आलं. अॅल्युमिनियमची ताटली, तीन कप्पे. एकात टर्कीचे काप आणि रस्सा, एकात रताळं, एकात वाटाणे. अठ्ठ्याण्णव सेंट. खोक्यावर टीव्हीचं चित्र, बटणांसकट. भट्टीत पंचवीस मिनिटं. ताटली मांडीवर किंवा घडीच्या छोट्या टेबलावर घेऊन टीव्हीपुढे बसायचं. कोणी कोणाला वाढत नसे. एक वाटाणा जास्त घेतो का असं विचारायची सोय त्या ताटलीत नव्हती. १९८६ साली मायक्रोवेव्हसाठी ताटली प्लास्टिकची झाली. आधीच्या ताटलीचा एक नमुना स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

टीव्ही रात्री बंद होई. राष्ट्रगीत, झेंडा, मग एक स्थिर आकृती. वर्तुळं, रेघा, वर पिसांचा टोप घातलेल्या रेड इंडियनाचं चित्र. मग खरखर. खरखर म्हणजे दिवस संपला. चोवीस तासांची प्रक्षेपणं सुरू झाल्यावर राष्ट्रगीत गेलं. जून २००९ मध्ये प्रक्षेपण डिजिटल झालं आणि खरखरही गेली.

टीव्ही बिघडला की दुरुस्तीवाला घरी येई. त्याच्या पेटीत व्हॉल्व्हच्या ओळी असत. तो टीव्हीची मागची पाठ काढी. घरातली मुलं त्याच्या खांद्यावरून आत वाकून बघत. आत धूळ आणि लहान लहान नारिंगी दिवे. हात चालवताना तो बातम्या सांगे. कोणाचा टीव्ही गेला, कोणाकडे रंगीत आला.

२८ फेब्रुवारी १९८३ला ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी कामावर सगळे त्याच्याचबद्दल बोलले. कुठल्याही मालिकेच्या एका भागाला तेवढे प्रेक्षक पुन्हा मिळाले नाहीत.

बोलिंगच्या गल्लीच्या टोकाला एक मुलगा बसे. पिना पडल्या की खाली उडी मारून त्या उभ्या करी, चेंडू परत ढकली आणि चटकन पाय वर घेई. १९४६ साली बफेलोला हे काम करणारं यंत्र दाखवलं गेलं. पन्नासच्या दशकात मुलगा दिसेनासा झाला.

घरापुढे पडवी असे. तिथे तिला पोर्च म्हणतात. दोन पायऱ्या, कठडा, छताला आकडे, आकड्यांना टांगलेला झोपाळा. घर दिवसभर तापे. संध्याकाळी आत बसवत नसे. जेवण झालं की सगळे बाहेर. वाटाणे सोलायचे, पंख्याने वारा घ्यायचा, रस्त्याने जाणाऱ्याला नाव घेऊन हाक मारायची. जाणारा थांबे. कठड्याला हात टेकून, एक पाय पायरीवर ठेवून बोले. वर ये म्हटलं तर नको म्हणे आणि अर्धा तास तसाच उभा राही. शहरात पडवी नव्हती तिथे माणसं आगीच्या वेळी उतरायच्या लोखंडी जिन्यावर गाद्या टाकून निजत. कोण रात्री किती वाजता आला, कोणाच्या घरात भांडण झालं, कोणाचं मूल रडलं, सगळ्यांना माहीत असे. त्यात काचही होता. ज्याला गाव सोडून पळून जायचं असे त्याला पहिल्यांदा या पडव्या ओलांडाव्या लागत.

ब्रुकलीनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता, म्हणून विलिस कॅरिअरने १९०२ साली हवा थंड आणि कोरडी करायचं यंत्र बनवलं. १९२५च्या उन्हाळ्यात टाइम्स स्क्वेअरचं रिव्होली थिएटर गार झालं. लोक गारव्यासाठी तिकीट काढू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्र घराच्या खिडकीत बसलं. खिडक्या बंद झाल्या. नव्या घरांना पुढे पडवी ठेवली नाही, मोटारीसाठी गॅरेज ठेवलं. बसायची जागा मागच्या अंगणात, कुंपणाच्या आत. उन्हाळ्याच्या संध्याकाळी रस्त्यावर आता यंत्रांची घरघर असते. जुन्या घरांच्या छताला झोपाळ्याचे आकडे आहेत.

फोन उचलला की पलीकडे एक बाई बोले. तिला नंबर सांगावा लागे. लहान गावात नंबरही लागत नसे, नाव पुरे. डॉक्टर घरी नाहीत, ते मिलरांकडे गेलेत, तिकडे जोडते, असं ती सांगे. आग लागली की ती सगळ्यांना एकदम घंटा देई.

खेड्यात एकच तार आठ-दहा घरांना असे. प्रत्येक घराची घंटा वेगळी. दोन लांब एक आखूड, एक लांब तीन आखूड. दुसऱ्याची घंटा वाजली तरी फोन उचलून ऐकता येई, आणि ऐकत. एक एक जण ऐकू लागला की आवाज क्षीण होत जाई. बोलणारी बाई मग म्हणे, दोघी-तिघींनी ठेवा आता, मला बहिणीचं ऐकू येत नाही. तिकडून खट् खट् असा आवाज येई आणि बहीण ऐकू येऊ लागे. लग्न ठरलेलं, पीक बुडालेलं, माणूस गेलेला, सगळं एका तारेवर. आजारी बाईच्या घरी संध्याकाळपर्यंत सूप पोचे. तिने कोणाला कळवलेलं नसे.

हँडल फिरवायच्या फोनचं शेवटचं एक्स्चेंज मेन राज्यातल्या ब्रायंट पाँड गावात होतं. ते एका घराच्या बैठकीच्या खोलीत होतं. ऑक्टोबर १९८३ मध्ये ते बंद झालं. तो फोन जाऊ नये म्हणून गावातल्या काही लोकांनी खटपट केली होती. गावात आता त्या जुन्या फोनची पुरुषभर उंचीहून मोठी प्रतिकृती उभी आहे.

नंबरांना आधी नावं असत. न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया हॉटेलचा नंबर पेनसिल्व्हेनिया ६-५०००. ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाची त्या नावाची धून १९४० साली गाजली. नाव म्हणजे वस्ती. नंबर ऐकून माणूस कुठल्या बाजूचा ते कळे. १९५८ पासून नावांच्या जागी नुसते आकडे येऊ लागले. सॅनफ्रान्सिस्कोत १९६२ साली त्याविरुद्ध नागरिकांची संघटना निघाली. आकडेच राहिले. हॉटेल २०२३ साली पाडलं गेलं.

घरात फोन एक. स्वयंपाकघराच्या भिंतीवर. वायर ताणून ताणून सरळ झालेली. मुलीला फोन आला की आधी बाप उचले. कोण बोलतंय, कशाला हवी आहे. मुलगी वायर दाराखालून ओढून जिन्यावर बसे. जवळच्या पंधरा-वीस घरांचे नंबर प्रत्येकाला पाठ असत. चुकीचा नंबर लागला तर माफी मागत.

वेळ सांगणारा एक नंबर होता. उत्तर कॅलिफोर्नियात त्याची अक्षरं जुळवून पॉपकॉर्न असा शब्द होई, म्हणून तो मुलांनाही पाठ. पॉपकॉर्न फिरवलं की एक बाई तास, मिनिटं, सेकंद सांगे आणि ठोका पडे. वीज जाऊन आली की घरातली घड्याळं तिच्यावरून लावत. सप्टेंबर २००७ मध्ये कंपनीने ही सेवा बंद केली.

२३ मे २०२२ला न्यूयॉर्क शहराच्या मालकीचा शेवटचा सार्वजनिक फोन सातवा अॅव्हेन्यू आणि पन्नासावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरून क्रेनने उचलला. तो शहराच्या संग्रहालयात, संगणकापूर्वीच्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ठेवला.

१९५० पर्यंत टपाल घरी दिवसातून दोनदा येई. सकाळी पाठवलेल्या कार्डाचं उत्तर त्याच शहरातून संध्याकाळी हाती पडे. त्या वर्षी एकदाच येऊ लागलं. वेस्टर्न युनियनने शेवटची तार २७ जानेवारी २००६ला पोचवली. भारतातली तार त्यानंतर साडेसात वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

१९६५च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर मराठी डॉक्टर आणि इंजिनीअर अमेरिकेत येऊ लागले. त्यांच्या घरी निळे एअरोग्राम येत. कागद एकच, म्हणून अक्षर शेवटाकडे बारीक होत जाई. मजकूर संपला की समासात, मग घडीच्या कडेवर. ‘बाकी सर्व क्षेम’ नंतर वडिलांच्या दोन ओळी, त्याखाली धाकट्या भावाची एक, आणि उरलेल्या बोटभर जागेत आजीची सही. पत्र यायला दहा-पंधरा दिवस. उघडताना कडेने सुरी फिरवायची, नाहीतर एखादी ओळ फाटे.

फोन बुक करावा लागे. तीन मिनिटं. घरातले सगळे एका ओळीत उभे. ओरडून बोलायचं. कसे आहात, बरे आहोत, तिकडे थंडी आहे का, एवढ्यात वेळ संपे. काही घरं कॅसेट भरून पाठवत. आईने एका बाजूला श्रावणातल्या कहाण्या वाचलेल्या, मध्ये प्रेशर कुकरची शिट्टी, मागे रस्त्यावर भाजीवाल्याची हाक. न्यू जर्सीत, शिकागोत ती कॅसेट वर्षभर ऐकली जाई. शनिवारी इंडियन ग्रोसरीत डाळ-तांदळाबरोबर हिंदी सिनेमाच्या कॅसेट भाड्याने मिळत. कितव्यांदा कॉपी केली आहे ते रंगांवरून कळे. मग खरवडून नंबर काढायची फोनकार्डं आली. मग तीही गेली. आता सकाळ-संध्याकाळ चित्रासकट बोलणं होतं. आईच्या अक्षराचा कागद नव्याने येत नाही.

एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका विकणारा माणूस दार वाजवून आत येई. सतरंजीवर खंडांच्या पाठींची घडीची पट्टी उलगडून दाखवी, कपाटात किती जागा लागेल त्याचा अंदाज यावा म्हणून. पैसे हप्त्याने. १९९६ साली घरोघरची विक्री थांबली. २०१२ साली छपाई. शेवटच्या आवृत्तीचे बत्तीस खंड होते.

सुट्टीहून आल्यावर फिल्मचा रोल टपालाने पाठवत. स्लाइड यायला आठवडा-दोन आठवडे. आल्या की शेजाऱ्यांना बोलावत. भिंतीवर चादर, दिवे बंद, खोलीत प्रोजेक्टरच्या गरम धुळीचा वास. एखादी उलटी लागे. शेजारी कंटाळत, तरी सगळ्या बघत. कोडाक्रोम फिल्म १९३५ पासून होती. २००९ साली कोडॅकने ती बंद केली. ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावात होती. तिने ३० डिसेंबर २०१०ला शेवटचे रोल घेतले. त्या दिवसांत एक रेल्वे कामगार अर्कान्सासहून गाडी घेऊन आला. त्याचे १५८० रोल धुऊन तयार होते. बहुतेक सगळे आगगाड्यांचे फोटो.

व्हिडिओच्या दुकानात शुक्रवारी संध्याकाळी गर्दी होई. हवी ती कॅसेट गेलेली असे. काउंटरवरचा मुलगा दुसरी सुचवी. त्याने ती पाहिलेली असे. ब्लॉकबस्टरचं पहिलं दुकान १९८५ साली डॅलसला निघालं. २००४च्या सुमारास जगभर सुमारे नऊ हजार होती. आता एक आहे, ओरेगनमधल्या बेंड गावात. लोक तिथे फोटो काढायला येतात.

सायकलवरून पेपर टाकणारी मुलं महिन्याअखेर दार वाजवून पैसे मागायला येत. हातात वही आणि तिकिटांना भोकं पाडायचा पंच. पुढे वर्गणी कार्डावरून कापली जाऊ लागली. मग पेपर मोटारीतून कोणी मोठा माणूस टाकू लागला. २००५ नंतर देशातली तीन हजारांहून अधिक वर्तमानपत्रं बंद पडली. बहुतेक लहान गावांची साप्ताहिकं. शाळेचे सामने, विहिणीकडचे पाहुणे, कोणाच्या शेतात केवढा भोपळा झाला, हे त्यांत येई.

आता बर्फ, दूध, पुस्तकं, औषधं, जेवण, सगळं फोनवरून मागवता येतं आणि दाराशी येतं. गाडी थांबते. एक माणूस उतरतो. पायरीवर खोकं ठेवतो, फोनने त्याचा फोटो काढतो आणि जातो. दिवसात त्याला अशी शेकडो घरं करायची असतात. फोटो आतल्या माणसाच्या फोनवर येतो, सामान पोचल्याची खूण म्हणून. फोटोत खोकं, पायरी आणि बंद दार असतं.